शुद्धिपत्रक

"इथं झोपायला बंदी आहे," सुलक्षणा म्हणाली आणि हातातल्या डस्टरनं टेबलावर हलकेच टकटक केली.

पुस्तकावर डोकं टेकून घोरणारा तो तरुण दचकून उठला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गालावर पुस्तकाच्या कडेचा वळ आणि डोळे असे लाल की... तिला आपल्या टकटकीची जराशी लाजच वाटली.

"झोपलो न्हवतो," तो म्हणाला. "डोळं मिटून पाठ करत हुतो."

"घोरत घोरत?"

"भूगोल हाय ना. जड जातो."

तिला हसू फुटलं, ते लपवायला ती फळ्याकडे वळली. पण पाठ कितीही फिरवली तरी खांदे हसतात, आणि ते त्यानं पाहिलं.

हे सगळं घडलं विद्यापीठाच्या शिरूरमधल्या उपकेंद्राच्या ग्रंथालयात. सुलक्षणा तिथं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि 'कमवा व शिका' योजनेतून रोज तीन तास काम करायची. काम म्हणजे अपडेट्स. कोणत्या भरतीची जाहिरात निघाली, कोणता निकाल लागला, ग्रंथप्रदर्शन कधी, शनिवारच्या वाचनकट्ट्यावर कोण बोलणार, हे सगळं दारातल्या फळ्यावर खडूनं आणि साडेआठशे जणांच्या ग्रुपवर फोनवरून कळवायचं, खाली आपलं नाव टाकायचं. मुलं तिला पाठीमागे 'अपडेट मॅडम' म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

तो होता सार्थक गावडे. पाटसजवळच्या वस्तीवरचा, रांजणगावला कंपनीत कंत्राटी कामावर. शिरूरला तिघांत मिळून खोली. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसनं थेट ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत यायचा. पोलीस भरतीत तीनदा नापास झालेला. मैदानावर पुढे, लेखीत दोन-तीन गुणांनी मागे. दारात ते जड सेफ्टी शूज सोडायला त्याला पाच मिनिटं लागत, आणि नेमकी तेवढी पाच मिनिटं सुलक्षणाला फळ्यावर काहीतरी पुसायचं असे.

"आज काय अपडेट?" तो खाली मान घालून नाड्यांनाच विचारायचा.

"उद्या पाऊस आहे म्हणतात."

"फळ्यावर तर न्हाई लिवलं."

"सगळंच फळ्यावर लिहायचं नसतं..."

असं वर्षभर चाललं. कार्तिकात एकदा अवकाळी पाऊस आला, लाईट गेली, आणि दोघं ग्रंथालयाच्या पोर्चमध्ये अडकले. वाऱ्यानं झड आत येत होती. तो पावसाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, तिच्या आणि झडीच्या मध्ये. त्याची पाठ भिजत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "या टायमाचा निकाल लागू द्या. मग तुमच्याशी एक बोलायचंय."

"आत्ता बोला की."

"आत्ता... कंत्राटी माणसानं काय बोलावं?"

काय बोलायचं ते तिला कळलं होतं, आणि का बोलत नाही तेही. ती बागायतदार मराठ्याची लेक, वडील हौसराव, म्हणजे तिचे आप्पा, सोसायटीचे चेअरमन. तो धनगराचा, आजोबांनी उभी हयात मेंढरांमागे घालवलेली. मधली ही भिंत तिनं मनातल्या मनात शंभरदा मोजली होती, आणि दर वेळी तिला त्यात एकच फट सापडायची. अंगावर वर्दी असली तर हौसराव निदान ऐकून तरी घेतील.

निकालाची यादी लागली एका मंगळवारी, दुपारी बारा वाजता.

ग्रंथालयात एक नियम होता, आणि तो सुलक्षणानंच घालून दिला होता. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकानं आपलं नाव आणि आसन क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि तिनं तो एका वहीत उतरवून ठेवायचा. तो क्रमांक यादीशी ताडल्याशिवाय कुणाचंही अभिनंदन टाकायचं नाही. एरवी ती या बाबतीत इतकी काटेकोर की मुलं वैतागायची. पण त्या दिवशी यादीत 'गावडे सार्थक एम.' दिसलं आणि ती थेट त्याचा फोटो शोधायला लागली. सार्थकच्या वडलांचं नाव मल्हारी. एम म्हणजे मल्हारी, आणखी काय असणार? वही कपाटात होती, कपाट चार पावलांवर होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं नवरीला घाई झाली. तिनं त्याचा फोटो लावून ग्रुपवर अभिनंदन टाकलं, खाली आपलं नाव लिहिलं, तसाच कागद फळ्याजवळ चिकटवला आणि बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली.

त्याच संध्याकाळी तिनं हौसरावांना सगळं सांगितलं. आजवर जमलं नव्हतं ते धाडस त्या एका ओळीनं दिलं. हौसराव बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "जात आडवी येती. पण पोरगं सोताच्या हिमतीवर पोलीस झालंय. बगू. येऊ दे एकदा घरी." हौसरावांच्या तोंडून 'बगू' म्हणजे अर्धा होकार. सार्थकचा मात्र दोन दिवसांत एकच मेसेज आला, 'आभारी आहे.' फोन उचलेना. सत्कारात अडकला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी एक उंच, लाजरा मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन ग्रंथालयात आला. फळ्याजवळच्या अभिनंदनाच्या कागदाकडे पाहत चाचरत म्हणाला, "मॅडम, नाव माझंच हाय. पण फोटू कुणाचा लावलाय?"

त्यानं प्रवेशपत्र पुढं केलं. सार्थक माऊली गावडे. सकाळच्या वेळी अभ्यासिकेत बसणारा. दुपारी येणाऱ्या सुलक्षणानं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. तिनं कपाट उघडलं, वही काढली. वहीत दोन सार्थक गावडे होते, एकाखाली एक, तिच्याच अक्षरात. यादीतला क्रमांक खालच्याचा होता. ती तिथंच स्टुलावर बसली.

ग्रंथपाल मॅडम चांगल्या बाई होत्या. म्हणाल्या, फोटोची अदलाबदल झाली, तांत्रिक चूक, असं दोन ओळींचं शुद्धिपत्रक टाक, कुणाचं नाव नको, तुझंही नको. सुलक्षणानं मान डोलवली आणि बाहेर येऊन सार्थकला फोन लावला. या वेळी त्यानं उचलला. ती बोलायच्या आधीच म्हणाला, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच सांजंला. गेटवर हार घिऊन दोस्त उभं. गाडीवर घालून गावाकडं निघालं. चौफुल्याला च्या प्यायला थांबलो तवा यादी बघितली. नंबर माजा न्हवता."

"मग... बोलला का नाहीत?"

"फाट्यावर पोचलो तर आबा गुलाल घिऊन उभा. हलगी वाजत हुती. ऐंशी वर्सांचा माणूस नाचत हुता. आन् दुसरं म्हंजी... मी तोंड उघडलं असतं तर त्या अभिनंदनाखाली तुमचं नाव हुतं. लोकांनी तुमाला बोल लावला असता."

तीन दिवस तो कामावर गेला नव्हता, आणि कंत्राटदारानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. हे त्यानं असं सांगितलं की जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतोय. आबाला मीच सांगतो, तुम्ही यात पडू नका, रोज सांगायला जातो आन् जीभ उचलत न्हाई, एवढंच म्हणाला. सुलक्षणा म्हणाली, चूक मी केली, मीच येऊन सांगणार. आणि त्याआधी ग्रुपवर एक अक्षर टाकणार नाही.

शनिवारी सकाळी ती पाटसला उतरली. वस्तीच्या फाट्यावरच फ्लेक्स लागला होता. फोटोत सार्थकच्या अंगावर कुणीतरी संगणकानं वर्दी चढवली होती, डोक्यावर टोपी, खाली 'गावची शान'. तो फ्लेक्सखालीच मोटारसायकल घेऊन उभा होता, आणि दोघांनीही वर पाहिलं नाही. त्याची दाढी वाढली होती. ती मागे बसली तेव्हा त्याच्या पाठीला हात लागू नये म्हणून तिनं सीटचं कडं घट्ट धरलं, आणि वाटेतल्या खड्ड्यानं व्हायचं ते केलंच. तो फक्त गाडी हळू चालवायला लागला.

सार्थकचे आजोबा भैरूआबा बाजल्यावर बसले होते, पटक्यावर अजून गुलाल. ही ग्रंथालयातली मॅडम, असं कळल्यावर सार्थकची आई भामाबाई लगबगीनं चहा ठेवायला निघाली. सुलक्षणानं तिला थांबवलं. चहा पोटात गेल्यावर हे बोलता आलं नसतं. तिनं उभ्यानंच सांगितलं. यादीतला सार्थक दुसरा आहे. तुमच्या सार्थकची निवड झालेली नाही. त्यानं कुणाला फसवलं नाही, चूक माझी आहे.

मल्हारी उठून गोठ्यामागे निघून गेला. भामाबाईनं तोंडाला पदर लावला. आबांनी डोळे बारीक करून सुलक्षणाकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"पोरी, आमी अडानी मानसं. दोनशे मेंढरांत आपलं कुठलं, ते आमाला कळायचं. तू तर शिकल्याली. नंबर का न्हाई बघितला?"

उत्तर तिला ठाऊक होतं. ते आपल्या खोलीतसुद्धा तिनं कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आता या अंगणात, त्याच्या आईसमोर, आजोबांसमोर, आणि तो स्वतः दारात उभा असताना...

"आबा," ती म्हणाली, "वहीत दोन सार्थक होते. मला दुसरा दिसलाच नाही."

भामाबाईनं पदर खाली घेतला. सार्थक दाराच्या चौकटीला धरून उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि त्यावरचा गुलाल बोटांनी झाडत राहिले. मग नातवाला म्हणाले, "जा, त्यो फ्लेक्स उतरव. फाडू नगंस. शेरडांच्या छपरावर टाकू, पानी गळतंय. फोटूचं तोंड खाली कर."

तिथंच, बाजल्याच्या कडेला टेकून सुलक्षणानं शुद्धिपत्रक लिहिलं. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव सार्थक माऊली गावडे. सार्थक मल्हारी गावडे यांचा यात काहीही दोष नाही. क्रमांक न ताडता नाव टाकलं, ही माझी चूक. खाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट. आणि पाठवलं.

फाट्यावर परत आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. सार्थकनं फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, घडी घातली, ती काखेत मारली आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

"घरी कळलं असंल आता," तो म्हणाला.

"रात्रीच सांगितलं मी. आप्पा म्हणाले, मग विषय मिटला. उद्या रविवारी पाहुणे येतायत मला बघायला. खराडीचे आहेत, मुलगा इंजिनिअर आहे."

त्यानं मान हलवली. रस्त्यावरून उसाची बैलगाडी गेली, ती लांब जाईपर्यंत दोघं तिच्याकडेच पाहत राहिले.

"त्या पावसात जे बोलायचं हुतं," तो म्हणाला, "ते बोलायला आता माज्याकडं कंत्राटी कामबी न्हाई..."

"मग नका बोलू. मी तुमच्या अख्ख्या घरासमोर बोलून बसले."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ते पुसायला हात मोकळा नव्हता, काखेत तो फ्लेक्स. तिनंच ओढणीच्या टोकानं पुसले, भर रस्त्यात, आणि समोरच्या टपरीवरची माणसं पाहत आहेत याची तिला पर्वा वाटली नाही.

लांबून एसटी दिसायला लागली.

"उद्याच्या पाव्हण्यांना काय सांगनार?"

"नाही म्हणणार."

"आन् परवाच्या?"

"त्यांनाही. किती वेळा नाही म्हणता येतं, बघू."

"सुलक्षणा..." तो पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारत होता. "फुडची भरती कवा निघंल, कुनालाच ठाव न्हाई. वरीस लागंल, दोन बी लागत्याल. त्यातबी माजं नाव आसंल का..."

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडून शिरूर, शिरूर असं पुकारलं.

"तोवर नाहीच म्हणेन," ती म्हणाली आणि गाडीत चढली.