समोरच्या फळ्यावरचं मत

तिकीटखिडकीतून उठून, रस्ता ओलांडून ती तरातरा निघाली तेव्हा तिच्या डोक्यात तीनच शब्द घुमत होते. वेळ वाया गेला!

समोरच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर एक काळा फळा होता. वर रंगाने कायमचं लिहिलेलं, 'डोळे तपासून मिळतील'. त्याखाली खडूने दर शुक्रवारी नव्या पिक्चरबद्दल दुकानदाराचं मत. एक ओळ, फार तर दोन. आधी लोक गंमत म्हणून वाचायचे. हल्ली मात्र वाचून मग रस्ता ओलांडायचे, नाहीतर ओलांडायचेच नाहीत. त्या शनिवारी दुपारच्या खेळाला जेमतेम तीन रांगा भरल्या आणि थिएटरचे मॅनेजर, म्हणजे तिचे सख्खे मामा, खवळले.

"जा, विचार त्या शहाण्याला! आम्ही पण लिहू का बाहेर, की समोरचा चष्मा घेतला की दिसत होतं तेही दिसेनासं होतं?"

दुकानात काउंटरमागे एक जाडजूड बाई मऊ फडक्याने एकेक फ्रेम पुसत बसल्या होत्या.

"डॉक्टर कुठे आहेत?" तिने विचारलं.

"मी डॉक्टर नाही," आतल्या खोलीतून आवाज आला आणि मागोमाग तो. उंच, बाह्या दुमडलेल्या, बोटांना खडू लागलेला. "गल्ली म्हणते. मी एकदोनदा सांगून पाहिलं. काय आत्या?"

"एकदाच सांगितलं," आत्या म्हणाल्या. "तेही हळू."

तिला हसू येणार होतं, ते तिने गिळलं. "कालच्या पिक्चरला तुमचा वेळ वाया गेला का?"

"नाही की! मस्त होता."

"मग फळ्यावर असं कशाला लिहिलंय? आमच्या अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून मामा नुसते..."

तो तिला बाहेर फळ्यापाशी घेऊन आला. ती वाकली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वेळ वाया गेला'. आणि खाली कोपऱ्यात, जागा संपल्यामुळे अंग चोरून उभ्या असलेल्या पाहुण्यासारखं, बारीक 'नाही'.

आतून आत्यांचं हसणं ऐकू आलं.

"ही काय लिहायची पद्धत झाली?" ती कशीबशी म्हणाली.

"चूक माझी आहे. शंभर टक्के," तो म्हणाला. "पण एक विचारू? तुमच्या थिएटरवरच्या त्या पोस्टरवर खाली काय लिहिलंय?"

तिने डोळे बारीक केले. "लिहिलंय... काहीतरी."

"आत या."

आतली खोली एवढीशी होती, एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर उजळलेली अक्षरांची पाटी. त्याने दिवा मालवला आणि तिच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम बसवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली. काच बदलायला तो जवळ आला की तिला आपलाच श्वास ऐकू यायचा.

"आता बरं दिसतं, की मघाशी?"

"मघाशी."

"नक्की?"

"नक्की नाही... पुन्हा दाखवा."

त्याने पुन्हा दाखवलं. घाई नव्हती त्याला. काच बदलता बदलता सहज म्हणाला, "तुम्हाला कसा वाटला पिक्चर?"

"मी नाही पाहिला. सहा वर्षं खिडकीत बसते, एकही धड पाहिलेला नाही. खेळ सुरू झाला की फोन, बुकिंग, उशिरा आलेल्यांची धावपळ..."

त्याचा हात हवेतच थांबला. "मग चांगला की वाईट, तुम्हाला कळतं कसं?"

"बाहेर येणाऱ्यांकडे बघून. चांगला असला की लोक दाराशीच रेंगाळतात, उगाच. वाईट असला की सगळे किल्ल्या चाचपतच बाहेर येतात. आणि फारच वाईट असला तर बायका नवऱ्यांकडे बघतात, 'तुम्हीच आणलंत' अशा नजरेने."

तो इतका मनापासून हसला की त्याच्या हातातली काच पडता पडता राहिली. "माझा फळा आजपासून बंद करू का?"

"नको, मामांना भांडायला काहीतरी हवं."

चष्मा मंगळवारी तयार झाला. खिडकीत बसून तिने तो चढवला आणि जग एकदम पुढे सरकलं. समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी झाली. फळ्यावरचा खडूचा कण न् कण दिसायला लागला. आणि आणखीही एक गोष्ट. इतके दिवस तिला वाटायचं, तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून पोस्टर बघतो. आता स्वच्छ दिसलं की तो पोस्टर बघत नव्हताच. तो खिडकीकडे बघत होता.

तिने घाईघाईने तिकिटांचा गठ्ठा सरळ केला. तो सरळच होता.

मग शुक्रवारांना वेगळाच रंग चढला.

"एक द्या. मधली रांग."

"मत ठरवून आलात, की पाहून ठरवणार?"

"पाहून. पण तुम्ही असंच बघत राहिलात तर पिक्चर कुठला लक्षात राहतोय..."

"पुढे सरका, मागे रांग आहे!"

खेळ सुटला की तो आधी खिडकीशी यायचा आणि मग फळ्याकडे जायचा. भुताच्या पिक्चरबद्दल म्हणाला, "भूत इतकं बोलतं, की माणसाला घाबरायला सवडच मिळत नाही." लढाईच्या पिक्चरबद्दल म्हणाला, "आवाज एवढा, की हिरो मेला ते मला शेजारच्याने सांगितलं." तीन तासांची एक कौटुंबिक कहाणी बघून आला तेव्हा नुसता टेकूनच उभा राहिला. "अर्धा तास कापला असता तर बिचाऱ्या नायिकेला दोन घास खायला तरी मिळाले असते. सबंध पिक्चरभर वाढतेच आहे सगळ्यांना!" ती हसून हसून लाल व्हायची. आणि मग आपलं मत सांगायची, दारातल्या चेहऱ्यांवरून बनवलेलं. नवलाची गोष्ट म्हणजे दोघांचं बहुतेक जुळायचं.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नव्हती. आठ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. दोन वर्षं टिकलं. धड भांडणसुद्धा झालं नाही, दोन माणसं एका घरात हळूहळू परकी होत गेली आणि एक दिवस कागदावर सह्या झाल्या. ती आईकडे परतली, मामांनी खिडकी दिली. तेव्हापासून घरात तिच्याबद्दल बोलताना प्रत्येक वाक्यात 'दुसऱ्यांदा' हा शब्द असायचाच. दुसऱ्यांदा बघायचं तर असं, दुसऱ्यांदा फार अपेक्षा ठेवायची नाही... या शुक्रवारी सांगू त्याला, असं तिने ठरवलं होतं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

त्या शुक्रवारी लागला रिमेक. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका जुन्या पिक्चरचा, स्टेशनमास्तर आणि गाण्याच्या मास्तरणीची गोष्ट. तो आत गेला. पण खेळ सुटल्यावर खिडकीशी आलाच नाही. तिने वर पाहिलं तर फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं. या वेळी जागा पुरेशी ठेवलेली होती.

'दुसऱ्यांदा केलेलं कधी जमत नाही. उगाच कशाला?'

तिने चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी खणात ढकलली.

दुसऱ्या दिवशी तो आला. "चष्मा कुठे?"

"डोकं दुखतं."

"नंबर पुन्हा तपासू या का?"

"दुसऱ्यांदा? नको. जमत नाही ना ते."

तो गोंधळून बघत राहिला. तिने खिडकीवरची 'थोड्या वेळाने या' ही पाटी फिरवली.

सोमवारी आत्याच आल्या, धापा टाकत. "काय झालंय गं? तो तीन दिवस लोकांना उजव्याची काच डाव्याला बसवतोय. आज एका आजोबांनी दारालाच नमस्कार केला."

तिला हसू आलं, आणि हसताहसताच डोळे भरले. आत्यांसमोर काही लपवावंसं वाटेना. "आत्या, माझं लग्न झालं होतं. मोडलं. आणि त्यांनी ते फळ्यावर..."

आत्यांनी कपाळावर हात मारला. "गाढव आहे गाढव! अगं, तो पिक्चर त्याने पुरता बघितलेलाच नाही. मध्यंतरालाच उठून आला. जुना पिक्चर त्याच्या बाबांचा जीव की प्राण होता. दोघं मिळून कितीदा बघायचे. बाबा गेले गेल्या वर्षी. नव्यात सुरुवातच वेगळी केलीय म्हणे, तर याला सहनच होईना." त्या खिडकीशी वाकल्या. "सांगू त्याला तुझं?"

"नको." तिने खण उघडला. "मी सांगेन."

ती पुन्हा एकदा रस्ता ओलांडून गेली, या वेळी चष्मा लावून.

"अर्धा पिक्चर बघून अख्खं मत लिहिलंत तुम्ही," ती दारातूनच म्हणाली.

तो उठून उभा राहिला. खोटं बोलायचा विचार त्याच्या चेहऱ्यावर आला आणि तसाच गेला. "...हो."

"पुसा ते."

त्याने फळा पुसला, शर्टाच्या बाहीनेच.

"आणि उरलेला बघा. आज, तीनच्या खेळाला."

"तुम्ही सोबत असाल तर," तो हळूच म्हणाला. "एकट्याने नाही जमायचं मला."

"मी? खिडकीत कोण बसेल?"

"मी बसते की!" मागून येऊन पोहोचलेल्या आत्या म्हणाल्या. "आणि तुझे मामा काही बोलले तर त्यांचे डोळे तपासून देते."

थिएटरात इतका अंधार होतो हे ती विसरूनच गेली होती. पडदा केवढा मोठा! सुरुवातीची बारीक नावंसुद्धा तिने वाचून काढली. मध्यंतर झालं. तो खुर्चीचे हात धरून बसून राहिला, उठला नाही.

शेवटच्या प्रसंगाआधी तो पुटपुटला, "जुन्यात तो मागे वळून बघतच नाही. बाबा दर वेळी म्हणायचे, वळ की लेका, एकदा वळ..."

पडद्यावरचा स्टेशनमास्तर फलाटाच्या टोकापर्यंत गेला. थांबला. आणि वळला.

तिने शेजारी पाहिलं. तो खिशातल्या फडक्याने, चष्मे पुसायच्या फडक्याने, डोळे पुसत होता. तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोघांपैकी कुणीच तो काढला नाही.

लोक निघून गेले तरी ती दोघं बसून होती. वरचे दिवे लागले.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "माझं आधी एक लग्न झालंय. दोन वर्षांत संपलं. तुमचा फळा वाचला आणि वाटलं... माझ्यावरच लिहिलंय."

त्याने ते फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "मला भीती वाटत होती. नवा चांगला निघाला तर बाबांचा पुसला जाईल, अशी. आणि आज दोन्ही आवडले मला. असं होऊ शकतं हे माहीतच नव्हतं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमचं जे झालं, ते सांगाल तेवढं ऐकेन. नाही सांगितलंत तरी चालेल. पण उगाच कशाला, असं मी तुमच्याबाबतीत... या जन्मात नाही म्हणणार."

"मग काय म्हणाल?"

"तू मला आवडतेस, असं म्हणेन. भांडायला आलीस ना, त्या दिवसापासून."

"एकदम तू?"

"निघून गेलं तोंडातून. परत घेऊ?"

"राहू दे." तिने चष्मा सारखा केला, पण हसू काही लपलं नाही. "मलाही... तू."

"एवढंच? वाक्य पूर्ण कर की!"

"अर्ध्यावर मत बनवायची सवय आहे ना तुला? बनव मग."

तो हसला, तसाच, मनापासून, रिकाम्या थिएटरात घुमेल असा. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली.

"रविवारी घरी ये. सकाळी ये. आई दुपारी झोपते, आणि झोपेतून उठवलं तर ती कुणालाच हो म्हणत नाही."