राहून गेलेली खूण

१२ फेब्रुवारी १९९८, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. मोजणी खात्याच्या जुन्या दप्तरखान्यातील टेबलावर तीन वह्या होत्या. मागितल्या होत्या चार.

"चौथी?" तरुण मोजणीदाराने विचारले.

"गहाळ झाली असेल," दप्तर सांभाळणारी म्हणाली आणि नकळत तिची नजर आपल्या खणाकडे गेली.

त्याने ती नजर टिपली. "वाईट झालं. टेकडीवरच्या गुहेची नोंद त्याच वहीत आहे. तिथून आता रस्ता जाणार. महिनाअखेरपर्यंत गुहा दाखवता आली नाही, तर 'आढळली नाही' असं लिहून नोंद रद्द करायची... आणि ते लिहायचं मीच."

ती नोंद तिच्या वडिलांची होती. दाराशी गार वारा, आत दगडी ओटा, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले होते. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली, आणि नंतर माणसे दोनदा शोधायला गेली आणि हात हलवत परत आली. तेव्हापासून साऱ्या खात्यात त्यांचे नाव पडले 'गुहावाले'. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा कुणीतरी तोच विनोद केला होता.

तिने खण उघडला. "हसणार असाल तर देणार नाही."

"मॅडम, मी दिवसभर दगड मोजतो. हसायची संधी मिळते कुठे?" असे म्हणत तो हसलाच, आणि तिलाही ओठ आवरेनात.

पुढचे सहा दिवस तो रोज आला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात वही धरून तो आकडे वाचायचा. शेजारी बसून ती ते पडताळायची. तिसऱ्या दिवसापासून शिपाई न सांगता दोन कप चहा ठेवू लागला.

"तुमच्या वडिलांचं अक्षर सुरेख आहे," तो एकदा म्हणाला.

"आणि माझं?"

"तुम्ही मला काही लिहिलंय कुठे... अजून?"

ती एकदम जुनी सूची शोधायला उठली. सूची समोरच होती.

सातव्या दिवशी तो थकलेला आला. वहीप्रमाणे गुहा सीमेच्या दगडापासून चोवीस साखळ्यांवर, म्हणजे चारशे ऐंशी मीटरवर होती. तिथे त्याने दोनदा पाहिले. नुसता सपाट कातळ.

"मग लिहून टाका," ती खाली मान घालून म्हणाली.

"लिहीन. पण नोंदीच्या या तारखेखाली पेन्सिलीची रेघ कुणाची?"

"माझी. ती... माझी जन्मतारीख आहे."

"म्हणून वही खणात?"

"म्हणून."

तो ताडकन उठला. "बाबांना भेटता येईल? ज्या दिवशी माणूस बाप होतो, त्या दिवशी तो न चुकता मोजतो, हे मला पटत नाही!"

घरी बाबा गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. दारामागे मोजणीचे दहा लोखंडी बाण अजून टांगलेले होते.

"मी मोजलं ते मोजलं," ते गुरकावले.

"मोजलंच असणार, काका. पण मुलीचा निरोप नेमका केव्हा आला?"

बाबा छताकडे पाहत राहिले. प्रत्येक साखळीला पुढच्या माणसाने एक बाण रोवायचा. मागच्याने ते गोळा करायचे. दहा झाले की पुढच्याला परत द्यायचे आणि वहीत एक खूण करायची. ही त्यांची हयातभराची शिस्त.

"दहा बाण परत दिले... तेवढ्यात निरोप्या ओरडत आला, मुलगी झाली! मी त्याला मिठीच मारली. आणि मग..."

"आणि खूण?" तिने हळूच विचारले.

"खूण..." त्यांनी दारामागच्या बाणांकडे पाहिले. "राहिली गं पोरी. सव्वीस वर्षं मी शोधणाऱ्यांनाच आंधळे म्हणत आलो."

एक खूण म्हणजे दहा साखळ्या, दोनशे मीटर!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचेच बाण घेऊन दोघे टेकडीवर गेले. पुढे ती बाण रोवत होती, मागे तो गोळा करत होता.

"तिसरे दहा. खूण केलीत?"

"केली."

"दाखवा!"

"विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. खुणेवर नाही."

चौतिसाव्या साखळीला काटेरी जाळी आडवी आली. तिने फांदी बाजूला सारली आणि मनगटावर गार वारा आला. आत अंधार होता आणि अंधारात दगडी ओटा. ती त्यावर बसली, आणि तिला रडू कोसळले.

"तुमचे उपकार कसे फेडू?" डोळे पुसत ती म्हणाली.

"उपकार तुमच्या बाबांचे. गुहा पहिल्याच दिवशी सापडली असती, तर मी दुसऱ्या दिवशी दप्तरात कशाला आलो असतो?" तो थबकला. "अहवालात तुम्हाला मदतनीस लिहू ना? दुसरा शब्द फॉर्ममध्ये नाही... तो घरी येऊन काकांना विचारावा लागेल."

"त्यांना नंतर. आधी मला विचारा."

त्याने विचारले, इतक्या हळू की ऐकायला तिला जवळ यावे लागले. तिने त्याच्या हातातले चारही बाण काढून घेतले.

"वही उघडा."

"आता कशाला?"

"माझा होकार आहे, त्याची खूण करा. आमच्या घरात आनंदाच्या भरात ती राहून जाते."

संध्याकाळी बाबांनी दोघांचे हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "सगळ्या नोकरीत एकच चूक केली," ते म्हणाले, "आणि तिनंच माझं भलं केलं."

महिनाअखेरीस नोंद रद्द झाली नाही, दुरुस्त झाली. सीमेच्या दगडापासून गुहेचे अंतर: सहाशे ऐंशी मीटर.