अनुभव: नाही

ताईने तो कागद खिडकीपाशी नेला, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. अक्षरं तीच होती. छापील, सुबक, एका ओळीत बसलेली.

‘सलग दोन वर्षे घरी सहा वर्षांखालील एखादे मूल वाढवल्याचा अनुभव.’ त्यापुढे ठिपके, आणि ठिपक्यांपुढे एकच शब्द... नाही!

हा शब्द लिहिणारी दुसरीतिसरी कोणी नव्हती. जिला अकरा महिन्यांची असल्यापासून कडेवर वागवून ताईचा डावा खांदा कायमचा उतरला होता, ती तिची सख्खी धाकटी बहीण होती.

“पिटू, हा फॉर्म तू भरलास?”

“मग कोण भरणार?” धाकटी कपबशा विसळत होती. “नावं ठेवू नकोस हं. माझा एकही अर्ज आजवर परत आलेला नाही.”

ते खरं होतं. अर्जांची छाननी हीच धाकटीची नोकरी. लोकांचे अर्ज तपासायचे, अपुरे असतील ते परत पाठवायचे, हे ती अठरा वर्षं करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“परत नाही आला. कॉलेजने काय कळवलंय ते वाच.”

कॉलेजने कळवलं होतं की, ज्यांना घरी मूल वाढवण्याचा अनुभव नाही त्यांनी ऑनलाइन वर्गासोबत एकशेवीस तासांचं जादा प्रात्यक्षिक पूर्ण करावं, त्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही. म्हणजे आणखी तीन महिने! आणि ताईच्या हातात होता जेमतेम एक. ज्या कारखान्याच्या पाळणाघरात ती बावीस वर्षं रांगत्या मुलांची खोली सांभाळत होती, तिथे नवा नियम आला होता. बालसंगोपनाचं प्रमाणपत्र नसलेल्या बाईने पुढच्या महिन्यापासून मुलांना हात लावायचा नाही. तिने मागच्या खोलीत जायचं, दुपटी धुवायची, बाटल्या उकळायच्या. या नियमापायीच चोपन्नाव्या वर्षी ताईने कॉलेजात नाव घातलं होतं.

“बावीस वर्षं पाळणाघरात काढली, ती कुठे गेली मग?”

“ती नोकरीच्या रकान्यात लिहिली की. पण तिथे तुझं पद ‘मदतनीस’ आहे, ते धरत नाहीत. हा रकाना घरचा आहे, ताई. तुला कुठे मूलबाळ आहे? खोटं कसं लिहू मी?”

“आणि तू?”

“मी काय?”

“तुला कोणी वाढवलं?”

धाकटी हसली. अगदी निर्मळ हसली, आणि तेच ताईच्या जिव्हारी लागलं.

“आईने! बिचारी अंथरुणाला खिळलेली होती, पण माझी वेणी, माझा डबा, माझे कपडे... ती होती तोवर सगळं तिने केलं. तूच तर सांगायचीस.”

ताईने कागदाची घडी घातली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दुरुस्ती करायची असल्यास महिनाअखेरीपर्यंत करावी, आणि त्या दुरुस्तीवर ज्या व्यक्तीला वाढवले त्या व्यक्तीची सही असावी. एक सही! ती करणारी समोर उभी राहून कपबशा पुसत होती आणि तिला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

“निघते मी.”

“अगं, चहा?”

“नको. मला अनुभव नाही चहाचा.”

रस्ताभर ताईच्या डोक्यात लाह्या फुटत होत्या. नाही म्हणे! शाळेच्या दारातून तेराव्या वर्षी परत फिरले ती काय हौस म्हणून? गोवर आला तेव्हा अकरा दिवस बसून होते ती कोणासाठी? दोन स्थळं आली आणि दोन्ही वेळा बाबांना मीच नको म्हणून सांगितलं ते काय माझं डोकं फिरलं होतं म्हणून?... सिग्नलपाशी एका बाईने तिच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा तिला कळलं की आपण मोठ्याने बोलतो आहोत.

पण घरी येऊन कुलूप उघडताना तिचा हात थबकला. राग खरा होता, पण तो धरायचा कोणावर? धाकटीने खोटं लिहिलं नव्हतं. तिला जे सांगितलं गेलं तेच तिने लिहिलं होतं. आणि सांगणारी तर ताईच होती!

धाकटी अकरा महिन्यांची असताना आईच्या पाठीचा कणा गेला तो गेलाच. बाबा छापखान्यात पाळीवर असायचे. घर तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडलं आणि तिने ते उचललं. धाकटी पाच वर्षांची झाली तेव्हा एक दिवस शाळेतून रडत आली. वर्गातल्या कोणी तरी तिला म्हटलं होतं, तुला आई नाही, तुझी ताईच सगळं करते. आतल्या खोलीत आईने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ताईने नवी रीत पाडली. वेणी स्वयंपाकघरात घालायची, तीही धाकटी अर्धवट झोपेत असताना, आणि म्हणायचं, “आईने घातली बघ, किती घट्ट!” डबा भरला की आधी आईच्या खोलीत न्यायचा. आईच्या पाठीला लावायचं एक उग्र वासाचं मलम होतं. त्याचं बोट ताई डब्याच्या झाकणावर फिरवायची. शाळेत धाकटी डबा उघडण्याआधी झाकण हुंगायची आणि मैत्रिणींना ऐटीत सांगायची, “आईने भरलाय. वास बघ.”

तीन वर्षं ही रीत चालली. मग आई गेली. पण खोटं तसंच राहिलं. त्याला मुळं फुटली, त्याचं झाड झालं आणि त्याच्या सावलीत धाकटी सुखाने मोठी झाली... आता ते तोडायचं? एका प्रमाणपत्रासाठी तिची आई तिच्याकडून काढून घ्यायची?

नाही. त्यापेक्षा दुपटी धुवू!

असं ठरवूनही तिने वर्ग मात्र चुकवला नाही. दुपारी मुलं झोपली की ती बाटल्यांच्या फळीला मोबाइल टेकवून बसायची. शिकवणारी मॅडम तिच्या निम्म्या वयाची होती.

“बाळ का रडतं, याची सात कारणं आपण पाहिली,” मॅडम म्हणाली. “काही शंका?”

“आठवं राहिलं,” ताई म्हणाली.

“कुठलं?”

“त्याला रडायचं असतं. सगळं ठीक असतं, पोट भरलेलं असतं, दुपटं कोरडं असतं, तरी त्याला रडायचं असतं. तेव्हा काही करायचं नसतं, नुसतं घेऊन बसायचं असतं.”

मॅडमने खरोखरच ते लिहून घेतलं. मग विचारलं, “हे कुठे वाचलंत?”

“मला अनुभव नाही, मॅडम,” ताई तिरसटपणे म्हणाली. “माझ्या फॉर्मवर आहे तसं.”

त्या आठवड्याचा गृहपाठ होता, ‘एका मुलाचा एक दिवस’. मॅडमने बजावलं होतं की जे घडलं तेच लिहा. ‘बिचारं’, ‘गुणी’, ‘हट्टी’ असले शब्द नकोत. मत नको, माया नको, फक्त घडलं ते.

ताई वही घेऊन बसली आणि संतापाच्या भरात लिहीत सुटली. पाच वर्षांची मुलगी. सकाळी सहाला उठते. डावा बूट आधी घालते. वेणी घालताना मान पुढे टाकून झोपते. तिला वाढवणारी मुलगी अठरा वर्षांची आहे. ती डब्याच्या झाकणाला मलम लावते... नऊ पानं झाली. शेवटचं पान संपलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं, वही उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने पाळणाघरातल्या एका मुलावर साडेतीन पानं लिहिली. चेंडू, खुळखुळा, दुपारची झोप. निरुपद्रवी.

वहीतल्या पानांचे फोटो काढून कॉलेजला पाठवायचं काम धाकटीकडे होतं, कारण ताईच्या मोबाइलमध्ये सगळं धुरकट यायचं. वही देताना ती नऊ पानं फाडायची राहून गेली, की फाडायला हात धजला नाही, हे ताईलाही सांगता आलं नसतं. पण धाकटीचा अठरा वर्षांचा शिरस्ता ती विसरली होती. मागची बाजू तपासल्याशिवाय धाकटी कुठलाही कागद पुढे सरकवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला पाळणाघराचं दार ढकलून धाकटी आत आली. केस विस्कटलेले, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, एका हातात वही. ताईने ओठांवर बोट ठेवलं. खोलीत अकरा मुलं नुकतीच झोपली होती.

त्यामुळे दोघींचं आयुष्यातलं सर्वांत मोठं भांडण कुजबुजत झालं.

“हे खरं आहे?”

“हळू बोल.”

“ताई, हे खरं आहे का?”

“मॅडमने सांगितलंय, घडलं तेच लिहा.”

“मी बेचाळीस वर्षांची झाले!” धाकटीचा आवाज फाटला, तिने तोंडावर हात दाबला. “माझ्या मुलांना सांगितलं मी, तुमची आजी पडल्या पडल्या माझी वेणी घालायची. ऑफिसात सांगितलं. हळवी होऊन सांगितलं! आणि तू बाजूला बसून ऐकत होतीस? तू माझी आई घेतलीस माझ्याकडून, ताई...”

“मी घेतली?” ताईचा इतक्या दिवसांचा बांध फुटला, पण फुटला तोही कुजबुजतच. “मी दिली तुला! रोज सकाळी, सहा वाजता, ताजी ताजी दिली! स्वतःचं नाव पुसून दिली! आणि तू ‘नाही’ लिहितेस? ठिपक्यांपुढे ‘नाही’? एवढं मोठं पान होतं, एक रेघ तरी मारून ठेवायचीस, रिकामं तरी सोडायचंस!”

“मला कुठे माहीत होतं गं...”

“नव्हतंच माहीत! तेच तर! कुणावर चिडू मी, सांग ना!”

पलीकडच्या पाळण्यात एक मूल चाळवलं. ताईने न बघता हात लांबवून पाळण्याला झोका दिला. मूल निवलं.

धाकटी खाली, मुलांच्या बुटक्या टेबलाजवळच्या चटईवर बसली. तिने विचारलं, “म्हणजे आईने काहीच केलं नाही माझं?”

हा प्रश्न येईल म्हणूनच ताई सदतीस वर्षं गप्प होती. ती तिच्यासमोर बसली.

“ऐक. रोज संध्याकाळी, तू खेळायला गेलीस की आई मला हाक मारायची. विचारायची, ‘आज मी काय काय केलं गं तिचं?’ मी सांगायची, आज तू दोन वेण्या घातल्यास, निळी रिबीन बांधलीस, डब्यात तिच्या आवडीचं दिलंस. ती सगळं घोकायची. तू येऊन काही विचारलंस तर चुकायला नको म्हणून. एकदा रिबिनीचा रंग चुकली तर अर्धा तास रडली. आणि डबा खोलीत नेला की ती हात उचलायची. हात वर येत नसे, पिटू. पण झाकणाला बोट टेकल्याशिवाय ती मला जाऊ द्यायची नाही. मलम मी लावायची. बोट तिचं असायचं.”

धाकटीने ताईचे दोन्ही तळवे ओढून घेतले आणि त्यांत तोंड खुपसलं. ताईच्या गुडघ्यांना आता तेच मलम लागायचं. तो वास नाकात गेला आणि धाकटी पाच वर्षांची होऊन, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत रडली.

ताईने काही केलं नाही. नुसतं घेऊन बसली.

मग धाकटीने डोळे पुसले, पर्समधून अर्जाची प्रत काढली आणि त्या बुटक्या टेबलावर पसरली. ती आधीच सगळं घेऊन आली होती. महिनाअखेरीला चार दिवस होते. दुरुस्तीच्या जागी तिने लिहायला सुरुवात केली. वाढवलेल्या व्यक्तीचं नाव. नातं, बहीण. ‘कधीपासून’ या रकान्यात तिने लिहिलं, वय अकरा महिने. ‘कधीपर्यंत’पाशी पेन थांबलं. अर्ज अपुरा सोडणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने लिहिलं, अजून चालू.

“हे चालतं?” ताईने विचारलं.

“छाननीला मी असते तर परत पाठवला असता,” धाकटी नाक ओढत म्हणाली. “बघू त्यांची काय हिंमत होते. आता हे बघ, ‘सोबत सांभाळणारी अन्य व्यक्ती’. इथे काय लिहू?”

“आई लिही.”

“ताई...”

“बोट लावायची ती. लिही.”

धाकटीने लिहिलं. खाली सही केली. मग ती पान उलटून पहिल्या रकान्याकडे आली आणि त्या ‘नाही’वर तिने पट्टीने आखावी तशी एक सरळ, बारीक रेघ ओढली.

“झालं.”

“नीट खोड,” ताई म्हणाली. “अजून वाचता येतंय.”

“अगं, नियमाने एकच रेघ मारतात. ऑफिसात एकच चालते.”

“इथे दोन मार.”