ळ ची रांग

दिवाळी सरली की आमच्या भागात लाइव्ह कॉन्सर्टचा हंगाम सुरू होतो. शिमग्यापर्यंत सांगलीत नाहीतर साताऱ्यात कुठलं तरी मैदान गाजत असतं. कुपवाडच्या लालासाहेब ठेकेदारांच्या माणसांत मी आष्ट्याहून कामाला जाते. आजवर खुर्च्या पुसल्या, मैदान झाडलं. यंदा या वयात वाचायला शिकले, म्हणून लोकांना जागा दाखवायचं काम हट्टानं मागून घेतलं.

"बघ मावशे," लालासाहेब म्हणाले, "आज सांगलीत एकबी तिकीटवाला उभा दिसला, तर साताऱ्याला पुन्हा झाडू."

मला झाडू नको होता. लुगड्यावर कामगारांचा काळा टी-शर्ट चढवला. पाठीवर इंग्रजी अक्षरं होती. चहावाला धनाजी हसला, "म्होरनं म्हातारी, मागनं मडम!"

"तू च्या वत रं. हितं वाचणाऱ्याचं काम हाय."

रांगांना क पासून ज्ञ पर्यंत पाट्या लावल्या होत्या. मी मोठ्यानं वाचत मागे गेले. ह नंतर एकदम क्ष. मधे नुसती चालायची वाट.

"आवं लालासाहेब, ळ कुठं गेला?"

"ळ नं कुठला शबुद सुरू हुतो? गाळला. धनाजीला वाट झाली."

"तुमच्या नावात न्हाई म्हणून गाळला व्हय? माजी बाळाबाईची बाबाई केली की!"

सगळे खदखदून हसले. लालासाहेबही.

संध्याकाळी गेट उघडलं. पोरापोरींचा लोंढा आला. मी तिकिटं वाचत होते, हात दाखवत होते. कधी नव्हे ते लोक माझं ऐकत होते.

मग एक बाई आली. लग्नाला निघाल्यासारखी नटलेली, हसतमुख. तिनं तिकीट पुढं केलं. हातात घेतलं तर मडक्यासारखं गार.

त्यावर ळ होता.

धनाजीनं चेष्टा केली असं वाटलं. पण तिच्या मागच्या माणसाकडेही ळ. त्याच्या मागे दोन म्हातारे, त्यांच्या मागे आणखी पुष्कळ जण. सगळे नटूनथटून, गप्प, आनंदात.

तिकडून लालासाहेब येताना दिसले. एवढी माणसं उभी दिसली तर माझं काम गेलंच.

"या," मी म्हणाले. "ह झाला की ळ."

वाटेच्या तोंडाशी नेलं. ती एकेक करून आत गेली.

"बसा."

सगळी बसली. कशावर, ते मला दिसलं नाही. डोकी मात्र पुढच्या-मागच्यांच्या बरोबरीला आली.

लालासाहेबांनी वाटेत नजर टाकली. "झकास! वाट मोकळी, कोण उभं न्हाई. मावशे, साताऱ्याला तूच."

आनंदानं मी पुढचं तिकीट मागितलं. वाटेकडे मात्र पाठच ठेवली.

गाणी सुरू झाली. क्ष मधल्या एकानं मला हटकलं. "आज्जी, म्होरं कोण न्हाई, तरी स्टेज का दिसंना?"

"जरा ताठ बस, बाळा."

धनाजी वाटेतून पलीकडे निघाला आणि किटली हलवत परत आला. "आयला, किटली रिकामी झाली. इकला तर एकबी कप न्हाई."

"बरं झालं. च्या पेला असंल कुणीतरी."

तो हसला, पण नंतर लांबून वळसा घालू लागला.

दुसऱ्या दिवशी सातारा. अजिंक्यताऱ्याखालच्या मैदानात दुपारचं ऊन पडलं होतं. आता पाट्या लावायचंही काम माझ्याकडे आलं होतं. गाणं गुणगुणत ह ची पाटी लावली, क्ष ची लावली. उरलेल्या पाट्या काखेत धरून मधल्या रिकाम्या वाटेनं निघाले. कामाच्या सवयीनं तोंडातून गेलं, "जरा पाय घ्या, बाबांनो."

चपला मागे सरकल्याचा आवाज आला. एकामागून एक, पार वाटेच्या टोकापर्यंत.

गेट अजून उघडायचं होतं.