घाईताईचा वाफा

पहिल्या भेटीत मी त्याच्या गांडुळांवर उभी होते.

आता सांगताना हसू येतं, तेव्हा अजिबात आलं नव्हतं. बस चुकली म्हणून अर्धा रस्ता धावत आलेले, एका खांद्यावर कागदांची गुंडाळी, दुसऱ्यावर ब्रशांची पिशवी. फाटकातून आत शिरले आणि जी पहिली मऊ, सपाट जागा दिसली तिच्यावर धापा टाकत थांबले. तेवढ्यात मागून आवाज आला. अगदी शांत.

"जरा बाजूला होता का? खाली मंडळी जेवताहेत."

"कोण मंडळी?"

"गांडुळं. चार-एक हजार असतील."

मी जी उडी मारली ती थेट पाण्याच्या बादलीत. तो हसला नाही. म्हणजे ओठ घट्ट मिटून घेतले होते त्याने, पण डोळ्यांचं काय करणार? वाकून बादलीतून माझी चप्पल काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"चित्रकलेच्या बाई ना तुम्ही?"

"तीन महिन्यांपुरती," मी म्हटलं. हे मी सगळीकडे आधीच सांगून टाकते. नंतर कुणाचा गैरसमज नको.

ते शेत त्याच्या मोठ्या बहिणीचं आणि त्याचं. तिची मुलगी शाळेत जात नव्हती, घरीच शिकत होती. तिला सोबत म्हणून आणखी चार घरची मुलं आली, मग चाळीस झाली. दर बुधवारी आणि शनिवारी ही घरी शिकणारी मुलं आईबाबांसकट शेतावर यायची. सकाळी माती, दुपारी चित्रं. चित्रांच्या नेहमीच्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यांच्या जागी मी. अशी मुलं मी आधी पाहिली नव्हती. रांगेत उभी राहायची नाहीत आणि "का?" विचारल्याशिवाय बसायची नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव ठेवलं, घाईताई. तो होता गांडूळदादा. त्याच्या सात वर्षांच्या भाचीला सगळे वकीलबाई म्हणायचे, कारण ती बोलायला लागली की समोरचा गुन्हेगारच असायचा.

नाव काही चुकीचं नव्हतं म्हणा. माझी आई सांगते, पायाला भिंगरी लावूनच देवाने हिला पाठवलंय. चार वर्षांत सात खोल्या बदलल्या मी. बॅग कधी पूर्ण रिकामी केलीच नाही. कोण सारखं भरत बसणार!

आणि त्या शेतावर तर एक भयंकरच रीत होती. गप्प जागा! जेवणानंतर प्रत्येकाने आपापली एक जागा धरायची, झाडाखाली नाहीतर बांधावर, आणि दहा मिनिटं काही न बोलता, न करता बसायचं. मोठ्यांनीसुद्धा. मग जे दिसलं ते काढायचं. पाच वर्षांची पोरं बसायची हो! मला दुसऱ्याच मिनिटाला पायाला मुंग्या, मानेला खाज, आणि फोनमध्ये किती वाजले ते बघण्याची तलफ.

तिसऱ्या बुधवारी तो शेजारी येऊन बसला. काही न बोलता मटारच्या शेंगांचं घमेलं माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"शू... गप्प जागा आहे." मग अगदी हळू म्हणाला, "हाताला काम दिलं की पाय थांबतात. शेळ्यांचंही तसंच असतं."

"मी शेळी?"

"शेळी बरी. ती निदान चरायला तरी थांबते."

मी एक दाणा त्याच्या कानावर नेम धरून मारला. त्याने तो उचलला, फुंकला आणि खाल्ला. नंतर दहाची वीस मिनिटं झाली, मुलांची चित्रंसुद्धा संपत आली, आणि मी अजून शेंगा सोलत होते.

"तुम्ही कधीच थांबत नाही का कुठे?" त्याने विचारलं.

"थांबले की अस्वस्थ होते."

"आणि निघालात की?"

याला उत्तर... होतं खरं. निघाले तरी होतेच. पण ते त्याला कशाला सांगायचं? मी घमेलं त्याच्या हातात दिलं आणि उगाचच ब्रश धुवायला पळाले. ब्रश धुतलेलेच होते.

असे दिवस जायला लागले. शनिवार संपला की बुधवार कधी येतो असं व्हायचं. आणि नेमकं तेव्हा पत्र आलं. फिरती नाटक कंपनी, आठ महिने गावोगाव प्रयोग, पडदे रंगवायला मी. कॉलेजात असल्यापासून मला हेच काम हवं होतं. उत्तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, संध्याकाळी पाचपर्यंत.

त्याच आठवड्यात, बुधवारी, पेरणी होती. प्रत्येकाला एक वाफा. लहानांना वाचता येत नाही म्हणून पाट्यांवर नाव नाही, भाजीचं चित्र आणि मालकाच्या हाताचा ठसा. रंगही शेतातलेच करायचे ठरले. बीट उकळलं, पालक वाटला. या रंगात डिंक घालायचा असतो आणि पाटी एक दिवस सावलीत वाळवायची असते. मला कुठला एवढा धीर! डिंक भिजायला वेळ लागतो म्हणून मी तो घातलाच नाही. कुठला वाफा कुणाचा याचा नकाशा काढायचं कामही माझंच होतं. ते शनिवारवर ढकललं.

कुंपणाजवळचे शेवटचे दोन वाफे आमचे होते. एक माझा, एक त्याचा.

"तुम्ही काय लावणार?" त्याने विचारलं.

"मुळा. चार दिवसांत उगवतो, महिन्याच्या आत काढून मोकळं."

"वाटलंच."

"म्हणजे काय? तुम्ही काय लावताय मोठे?"

"शतावरी." एका वाटीत काळं, टपोरं बी भिजत पडलं होतं. "उगवायलाच तीन आठवडे. आणि पहिले कोंब काढायचे ते तिसऱ्या वर्षी."

"तीन वर्षं! तोवर मी कुठल्या कुठे असेन."

"असाल," तो म्हणाला. "शतावरी इथेच असेल."

आणि नळ बंद करायला निघून गेला. मला राग आला. कशाचा ते कळेना, पण आला. त्या दुपारी मी एक लबाडी केली. ती शेवटी सांगते.

शनिवारी आले तर शेतावर रडारड. शुक्रवारी संध्याकाळी त्याने फवारे लावले होते, आणि सगळ्या पाट्यांवरचं बीट आणि पालक धुऊन मातीत गेलं होतं. पांढऱ्या फळ्या, त्यांवर गुलाबी ओघळ. "माझा वाफा कुठला?" "हा माझा!" "नाही, माझा!" दोन बाबासुद्धा एकाच वाफ्यावर हक्क सांगत होते.

"फवारे कशाला लावलेस तू?" मी त्याच्यावर धावून गेले.

"बी पेरलंय. पाणी नको?"

"मला सांगायचं तरी!"

"रंग कच्चा आहे हे तुम्ही सांगायचं होतं ना?"

"दोघांचीही चूक आहे," कमरेवर हात ठेवून वकीलबाई म्हणाली. "आणि घाईताईने मामाला 'तू' म्हटलं."

 माझे कान तापले. त्याने खाली वाकून एक पाटी उचलली आणि ती पुसतच राहिला.

"उगवेल तेव्हा कळेल," तो मुलांना म्हणाला. "बी खोटं बोलत नाही. ज्याने जे पेरलं तेच वर येईल. मग घाईताई पाट्या पुन्हा रंगवेल. डिंक घालून."

"बुधवारपर्यंत येईल का वर?" मी विचारलं.

"काही येईल. काही नाही. बुधवारी काय आहे?"

मग मी सांगितलं. पत्र, नाटक कंपनी, पाच वाजता उत्तर, सगळं एका दमात. तो पाटी पुसायचा थांबला.

"काम चांगलं आहे?"

"स्वप्नातलं."

"मग विचार कसला करतेस?" तो म्हणाला. "जा."

तोही 'तू'वर आला होता, पण कसल्या वाक्यात! जा म्हणे. इतका कसला मेला समजूतदारपणा! एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, नको जाऊस. मग मी ऐटीत म्हटलं असतं, छे, मला जायलाच हवं. पण त्याने म्हणायला तर हवं होतं ना!

रविवार ते मंगळवार मी बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. फोनवर "येते" लिहिलं, पुसलं. "येत नाही" लिहिलं, तेही पुसलं. दूध उतू घालवलं. घरमालकीण काकू म्हणाल्या, "अगं, बस की एका जागी! तुझ्यामुळे मला खालच्या मजल्यावर झोप नाही." मी बसले. लगेच उठले.

बुधवारी पहिल्या बसने गेले. शेतावर जत्रा भरल्यासारखा गोंधळ होता. मटार वर आला होता, मोहरी आली होती, पोरं वाफ्यावाफ्यातून पालथी पडून आपलं पीक ओळखत होती. गाजरवाले तोंड पाडून बसले होते, त्यांना अजून आठवडा होता. मी डिंक घालून रंग केले. पाट्या रंगवता रंगवता चार वाजले, आणि अजून आम्ही एकमेकांकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात कुंपणाकडून वकीलबाईची आरोळी आली.

"मामा! तुझ्या वाफ्यात मुळा आलाय!"

"काहीतरीच," मी म्हटलं आणि गेले. पण आला होता. हिरवीगार, बदामाच्या आकाराची इवली पानं, जोडीजोडीने, ओळीत. आणि शेजारी माझ्या वाफ्यात काळी माती. एक पान नाही.

"वाफे बदलले वाटतं," ती म्हणाली.

"बदलले नाहीत," तो मागून म्हणाला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला होता. "तू जा बरं, आईला मदत कर."

"मला इथेच थांबायचंय."

"जा म्हटलं ना!"

ती गेली. दहा पावलं. त्याने हातातली झारी खाली ठेवली, पुन्हा उचलली. अस्वस्थ झालेला तो मला पहिल्यांदाच दिसला, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

"तुझ्या मुळ्याच्या बियांच्या पुडीतलं चिमूटभर घेतलं मी," तो म्हणाला. "तू जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, चप्पल घालायच्या आधी. म्हटलं, शतावरी काय, तिला दिसणारच नाही. तू असेपर्यंत माझ्या हातचं काहीतरी उगवलेलं... तुला दिसावं. बस, एवढंच."

"मग 'जा' कशाला म्हणालास?"

"थांब म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस, तर तुला रोज ते फाटक दिसलं असतं. तसं नको होतं मला." त्याने मान वर केली. "पण तू जाऊ नयेस असं वाटतं. फार वाटतं. आता म्हटलं. झालं?"

 मी फोन काढला. साडेचार. तो फोनकडे बघत होता, मग माझ्या उघड्या वाफ्याकडे.

"तुझा मुळा मात्र आला नाही," तो म्हणाला. "बी किडकं निघालं बहुतेक. तुला दुसरं देतो."

"बी चांगलं आहे."

"सात दिवस झाले. मुळा असा—"

"मुळा नाहीच आहे तो," मी म्हटलं. "तू नळ बंद करायला गेला होतास ना... तेव्हा तुझ्या वाटीतलं घेतलं."

त्याच्या हातातली झारी तिरकी झाली होती आणि पाणी त्याच्याच पायावर पडत होतं, त्याला पत्ता नव्हता.

"तीन वर्षं लागतात त्याला," अगदी हळू म्हणाला.

"माहीत आहे. तूच सांगितलंस."

"आणि पडदे? तुझं स्वप्न?"

"पडदे मला हवेत. ते खोटं नाही. पण मी 'येते' लिहिलं की भरलेली बॅग पुन्हा उपसायला घ्यायचे, आणि 'येत नाही' लिहिलं की फक्त भीती वाटायची. तीन दिवस बघितलं मी. भीती परवडली." मी त्याच्या हातातली झारी काढून सरळ ठेवली. "मला तुझ्याजवळ राहायचंय. मला थांबता येत नाही, मी तुला छळणार, रोज माती उकरून बघणार आलं का म्हणून. पण राहायचंय."

पाचला दहा कमी असताना मी उत्तर पाठवलं. येत नाही, क्षमस्व. या वेळी पुसलं नाही. मग आम्ही त्या दोन वाफ्यांच्या मध्ये बसलो, गप्प जागा असल्यासारखे, त्याचा मातीचा हात माझ्या डिंकाच्या हातात. डिंक चांगलाच चिकटला होता.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"तीन वर्षं म्हणजे अगदी तीनच का?" मी विचारलं. "अडीचमध्ये नाही व्हायचं?"

"नाही."

"खत जास्त घातलं तर?"

"नाही."

"बरं," मी म्हटलं, आणि बसून राहिले.