उसना पश्चात्ताप

माझ्या आवाजाला आजवर कितीतरी वेळा पश्चात्ताप झालाय. मला एकदाही नाही.

मी डबिंग करते. परक्या भाषेतल्या सिनेमात ओठ पडद्यावरच्या बाईचे हलतात, आवाज माझा असतो. आणि का कोण जाणे, मूल नको म्हणणारी बाई असली की मामा मलाच बोलावतात. मामा म्हणजे आमचे डबिंगचे दिग्दर्शक. सख्खे कुणाचेच नाहीत, पण अख्ख्या स्टुडिओचे मामा. "तुझ्या आवाजात एक थंडपणा आहे गं," असं त्यांचं म्हणणं. हे कौतुक की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी नेहमीचे रेकॉर्डिस्ट आजारी पडले होते, म्हणून काचेपलीकडे एक नवाच माणूस बसला होता. बाह्या दुमडलेल्या, मानेवर हेडफोन, आणि चेहरा असा, जणू आपण इथे नाहीच.

शेवटचा सीन होता. मूल नको म्हणाली म्हणून नवऱ्याने सोडलेली एक नावाजलेली सर्जन. आता केस पिकलेत, शेजारणीच्या बाळाचा इवलासा मोजा हातात घेऊन ती खिडकीशी उभी आहे. मी श्वास घेतला आणि म्हणाले, "सगळं मिळवलं मी... पण रिकामीच राहिले."

आणि हुंदक्याच्या जागी मला फिस्सकन हसू फुटलं.

"अगं बाई, रडायचंय!" मामांनी कपाळाला हात लावला.

"सॉरी मामा. पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. त्यानंतरही तेच. मग हेडफोनमध्ये, अगदी कानाच्या पाळीशी, एक शांत आवाज आला — "एक सुचवू? हसायचं की रडायचं, ते आधी ठरवा. माझ्या मीटरचा काटा बिचारा दोन्हीकडे पळतोय."

मी काचेतून पाहिलं. तो काट्याकडेच बघत होता. पण ओठांचा एक कोपरा... हलला होता.

"तुम्हीच ठरवा," मी म्हणाले. "तुम्हाला जास्त नीट ऐकू येतंय."

"मला ऐकू येतंय ते असं, की बाकीचा सगळा सिनेमा तुम्ही बोललात. हे एवढं वाक्य मात्र कुणाकडून तरी उसनं आणलंय."

मी काही बोलणार, तोच वरच्या पत्र्यावर सरी तडतडायला लागल्या. माइकमध्ये माझ्याऐवजी पाऊसच बोलू लागला. "झालं!" मामा उठले. "आता हा थांबेपर्यंत चहा."

चहाच्या किटलीपाशी आम्ही दोघंच उभे होतो. छोटीशी खोली, खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी.

"अशा किती बायकांना आवाज दिलात?" त्यानं विचारलं.

"बऱ्याच. एक जिन्यावरून पडली. एकीच्या नवऱ्यानं दुसरी केली. एक मांजरांशी बोलायला लागली. बाकीच्यांचं शेवटच्या दहा मिनिटांत मन बदललं. पाळण्यात डोकावलं की संपलं!"

"सुखी एकही नाही?"

"एक होती. कादंबरीवरून केलेली मालिका. चांगली नोकरी, चांगलं घर, अगदी मजेत होती हो. मग ट्रकखाली गेली."

त्याला ठसकाच लागला. रुमालानं तोंड पुसत त्यानं विचारलं, "आणि तुम्ही?"

"मलाही मूल नकोय." मी नेहमीसारखं सरळ सांगून टाकलं. "आणि मजेत आहे."

"मग रस्ता जपून ओलांडत जा," तो गंभीरपणे म्हणाला.

यानंतर लोक "का?" विचारतात. डॉक्टरांची नावं सुचवतात. त्यानं फक्त विचारलं, "साखर किती?"

त्या संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा माझं मलाच जाणवलं — जिना चढताना मी गुणगुणत होते.

पाऊस थांबल्यावर ते वाक्य मी कसंबसं रडले होते. सिनेमा पुढे गेला. आम्हीही गेलो... हळूहळू. तुम्हीचं तू झालं. मी त्याला कानसेन म्हणायला लागले, कारण त्याला सगळंच ऐकू यायचं. फोनवर माझ्या नुसत्या "हं"वरून ओळखायचा, की जेवले नाहीये. एकदा घरी आला आणि दारातच थबकला. "तुझा फ्रिज कुरकुरतोय," म्हणाला, आणि हात धुवायच्या आधी फ्रिजमागे शिरला.

"मला वाटलं, मला भेटायला आलास," मी म्हणाले.

"तुलाच. पण मधेमधे तो बोलत होता ना."

भाची माझ्याकडे राहायला आली होती, त्या रविवारची गोष्ट. ताईची मुलगी, पाच वर्षांची, अखंड बडबडी. ती माझ्या पोटावर बसून मला प्राण्यांचे आवाज काढायला लावत होती. हत्ती झाला, घुबड झालं, सर्दी झालेला वाघ झाला. कानसेन भिंतीला टेकून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत इतकं काही होतं, की माझा वाघ मध्येच गप्प झाला.

भाची झोपल्यावर तो हलकेच म्हणाला, "किती छान रमतेस तिच्यात. बघू... एक दिवस..."

"एक दिवस काय?"

"काही नाही गं. माणसाचं मन... बदलतं ना कधी कधी."

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. पायाखालची पायरी हळूच सरकावी, तसं काहीतरी झालं.

"तू शेवटच्या सीनची वाट बघतोयस," मी म्हणाले. "मी बाळाचा मोजा हातात घेऊन खिडकीशी उभी राहीन, त्याची."

त्यानं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. खोटं त्याला येत नाही, हीच पंचाईत. थोड्या वेळानं तो गेला, आणि बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.

"थोडं मोघम ठेवायचं असतं," ताई म्हणाली. "इतका चांगला मुलगा!"

"मोघम ठेवलं तर तो आयुष्यभर ताटकळेल, ताई. आणि मी रोज त्याला ताटकळताना बघत बसेन."

ताई लेकीचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता म्हणाली, "मला कधी कधी वाटतं, ही झोपली की तुझ्या घरी यावं, दार लावून घ्यावं आणि नुसतं पडावं. पण सिनेमात ते दाखवत नाहीत. माझ्यासारखीला नेहमी हसतीच दाखवतात." भाचीनं "आई, दुखतंय!" म्हणून ओरडा केला आणि विषय तिथेच राहिला.

मग मामांचा फोन आला. "त्या सर्जनबाईचं शेवटचं वाक्य पुन्हा करायचंय. सिनेमावाल्या पार्टीला अजून रडकं हवंय."

मी गेले. काचेपलीकडे कानसेन होता. नजरानजर झाली, आणि दोघांनीही आपापले हेडफोन उगाचच नीट केले.

"मामा," मी म्हणाले, "त्या शॉटमध्ये ती पाठमोरी आहे. ओठ दिसतच नाहीत. दुसरं काही बोललं तर? 'आज दमले' म्हटलं तर?"

"वाक्य त्यांचं, बाई. मला हात लावायची मुभा नाही."

"मग माझ्याच्यानं नाही होणार."

"एका वाक्यापुरता आवाज बदलता येत नाही गं." मामांचा आवाज पडला. "सगळी भूमिका दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे, मामा."

मामांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "हट्टी आहेस. पुढच्या कामाला बोलावीन. नक्की बोलावीन."

मी जिना उतरून रस्त्यावर आले, तेव्हा मागून पावलं धावत आली. ती कुणाची, हे ओळखायला कानसेन असायची गरज नव्हती.

"तू म्हणालीस ते खरं होतं," तो धापा टाकत म्हणाला. "मी वाट बघत होतो. मला ठाऊकही नव्हतं. इतकी वर्षं तेच सीन ऐकलेत... पाळणा, बासरी, बाईचं रडू. वाटलं, गोष्ट अशीच संपते."

"आणि आता?"

"मला मूल आवडलं असतं. कदाचित. तुला खोटं नाही सांगणार. पण त्या 'कदाचित'साठी तुला सोडणं नाही जमत. आणि तुझ्याजवळ राहून आशा लावून बसणं, ते तर त्याहून वाईट. ते सोडलंय मी. हे सांगायला धीर गोळा करत होतो, म्हणून फोन नाही केला."

"पुढे कधी वाईट वाटलं तर?"

"वाटेल एखाद्या दिवशी. माझं मी बघेन."

"एकट्यानं नको बघू," मी म्हणाले. "मला सांग. मन नाही बदलणार माझं... पण ऐकून घेईन."

"ऐकायचं काम माझं ना?"

"वाटून घेऊ."

भर रस्त्यात, छत्री दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीसमोर, त्यानं माझा हात हातात घेतला. टपरीवाल्यानं सभ्यपणे छत्रीच्या काडीत डोकं घातलं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं मला त्याच्या आईकडे जेवायला नेलं. आई ताठ कण्याच्या, कमी बोलणाऱ्या. भात वाढता वाढता त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "लग्नानंतर... मुलांचं काय ठरवलंय?"

माझा घास हातातच राहिला. आता उत्तर मी द्यायचं, मग कारणं द्यायची, मग तो मान खाली घालून बसणार — हे सगळं मला पाठ होतं.

"आम्हाला नको आहेत, आई," तो म्हणाला.

आई आत गेल्या. नळ सुरू झाला, बराच वेळ वाहत राहिला. मग बंद झाला. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज खणखणीत. "मला काही दिवस वाईट वाटेल. समजूत घालायला कुणी येऊ नका." आणि माझ्याकडे वळून, "तू जेव गं. भात गार होतोय."

मी जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला, तेव्हा त्यांच्या कपाळावरची एक आठी गेली.

निघताना जिन्यात मी त्याची बाही ओढली. "आम्हाला म्हणालास..."

"हं."

"तिला नकोत, असं नाही म्हणालास. हे कधी ठरवलंस?"

"ठरवलं नव्हतं." तो जरा लाजला. "तोंडातून आलं. ऐकून बघितलं... आणि बरोबर वाटलं."

"पुन्हा म्हण ना."

त्यानं जिन्यात वर-खाली पाहिलं, कुणी नव्हतं. मग माझ्या कानाशी वाकून, अगदी हळू म्हणाला, "आम्हाला."