डॉक्टरांच्या स्टुलावर

परवा तुम्ही दोघं बहीणभाऊ चित्रं काढायला बेटावर निघालात म्हणे. जा की. मी काही अडवायला बसलेलो नाही. जेवणं झाली की मामाला काहीतरी आठवतं, एवढंच समजा. तो पंखा जरा कमी कर, हल्ली मला ओरडून बोलवत नाही.

माझा साडू तुम्ही पाहिलाय. तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. आता कोपऱ्यात मुकाट बसलेला दिसतो, पण हा माणूस एकेकाळी इतका बोलायचा की विचारू नका. आम्ही म्हणायचो, याने दातांचा धंदा मुद्दाम निवडलाय. पेशंट बिचारा आ वासून पडलेला, उलट उत्तर देणार कसा?

तर या डॉक्टरला जलरंगांचा भारी नाद. शाळेत त्याला चित्रकला शिकवणारे सर आता निवृत्त झाले होते. ते, हा आणि एक वकीलबाई, असे तिघं सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशव्या टाकून निघायचे. कुठे टेकडी, कुठे बाजार, कुठे जुना पूल. घडीची स्टुलं मांडायची आणि उन्हं उतरेपर्यंत रंगवत बसायचं.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी अमावास्या. सकाळी इंजिनाच्या होडीने तिघं बेटावर उतरले. बेट लहानसंच. नारळाची झाडं, काळे खडक आणि चढावर दीपगृहाच्या कामगारांची जुनी घरं, रिकामी. होडीवाला म्हणाला, "अंधार पडायच्या आत न्यायला येतो. तयार राहा." आणि गेला.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग डॉक्टरचा पाय लागला आणि पाण्याची बाटली कलंडली. जलरंगाला पाणी नाही म्हणजे हात बांधल्यासारखंच. समोर एवढा समुद्र पसरलेला, पण खाऱ्या पाण्यात रंग नीट बसत नाही. सर म्हणाले, "अरे, वर त्या घरांच्या मागे पावसाच्या पाण्याची टाकी आहे. जा, भरून आण. आणि येताना तिथे कोणी भेटलं तर गप्पा मारत बसू नकोस."

"रिकाम्या बेटावर कोण भेटणार, सर?" डॉक्टर हसला आणि बाटली घेऊन निघाला.

टाकी एका दगडी खोलीत होती. लोखंडी दार, समुद्राच्या बाजूला उंचावर गज लावलेला एक झरोका. आत गारवा होता. त्याने वाकून बाटली भरली, झाकण लावलं, आणि मागे दार बंद झालं.

त्याला वाटलं, वारा. ढकलून पाहिलं. हलेना. बाहेरून कडी लागली होती.

आता वाऱ्याने दार लागतं, हे मलाही मान्य आहे. पण कडी?

त्याने दार बडवलं, हाका मारल्या. मग कोपऱ्यात गंजका डबा सापडला, तो पालथा घालून त्यावर चढला आणि झरोक्यातून खाली पाहिलं. खाली खडकावर सर दिसत होते. शेजारी वकीलबाई. आणि तिसऱ्या स्टुलावर...

तिसऱ्या स्टुलावर तोच बसला होता.

त्याचीच टोपी. त्याचाच निळा सदरा. पाठ इकडे. हात सावकाश हलत होता, रंगवत होता.

वारा समुद्राकडून येत होता. त्यामुळे खालचं बोलणं याला स्पष्ट ऐकू यायचं, याचा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, "सर, आज डॉक्टर अगदी गप्प!"

"गप्प आहे तोवर काढू द्या त्याला," सर म्हणाले. "आज चित्र चांगलं होणार."

दोघं हसली.

डॉक्टर जिवाच्या आकांताने ओरडला, "सर! मी इथे आहे! वर बघा!"

सरांनी वर पाहिलं नाही. वकीलबाईंनीही नाही. पण स्टुलावरचा तो हात थांबला.

नुसता थांबला. पाठ तशीच. जरा वेळाने पुन्हा हलू लागला.

हा पुन्हा ओरडला. हात पुन्हा थांबला. या वेळी टोपी जराशी कलली. माणूस मागून आलेली हाक ऐकतो ना... तशी.

तेव्हा डॉक्टरच्या लक्षात आलं की आणखी एक हाक मारली, तर तो वळेल. आणि त्याने वळलेलं आपल्याला बघायचं नाही. कसला चेहरा असेल... आपलाच असला तर?

पोरांनो, त्याने तोंडावर हात दाबून धरला. सुटकेसाठी हाक मारायची, तर तीच मारायची चोरी. माणसं डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर, आणि हा डब्यावर उभा राहून श्वासाचाही आवाज होऊ देत नव्हता.

उन्हं उतरली. होडी आली. सरांनी सामान आवरलं. त्यानेही स्टूल मिटलं, डॉक्टरची पिशवी खांद्याला लावली. पिशवीत फोन होता, घराची किल्ली होती. होडीत चढताना त्याने होडीवाल्याच्या खांद्यावर हात टेकला. मग सावकाश मान वळवायला लागला, झरोक्याकडे.

डॉक्टरने डोळे मिटले.

उघडले तेव्हा होडी लांब गेली होती.

अंधार पडला. याला स्वतःचं भय उरलं नव्हतं, असं तो मला म्हणाला. होडीतून गेलेला तो घरी जाऊन काय करेल, हेच डोक्यात घुमत होतं. घरी बायको होती आणि म्हातारी आई. आईचे डोळे मोतीबिंदूने गेलेले. शस्त्रक्रिया होऊनही उजेड-अंधारापलीकडे काही कळायचं नाही. 'जरा बस रे माझ्यापाशी,' म्हणायची बिचारी. हा म्हणायचा, 'उद्या बसतो.' दिवसभर परक्यांशी बोलून घरी आला की याचा घसा दुखायचा.

आता माझ्या मेहुणीने सांगितलेलं सांगतो.

रात्री नवाच्या सुमारास दारावरची बेल वाजली. तिने दार उघडलं. हा आत आला. टोपी डोक्यावर तशीच, मान खाली. पिशवी दाराशी ठेवली.

"किती उशीर? जेवता ना?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नको.

"बरं नाही का?"

तो सरळ आईच्या खोलीत गेला. दिवा लावला नाही. हिने सवयीने बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि ताटं झाकली. मग तिला चुकल्यासारखं वाटायला लागलं. हा माणूस घरात शिरला की आधी आवाज शिरायचा. तिने सरांना फोन लावला.

"सर, आज काही झालं का? हे बोलतच नाहीयेत."

"नाही गं. दिवसभर तसाच होता. पाणी आणायला गेला, तेव्हापासून..." सर बोलता बोलता थांबले.

"सर?"

"तो परत येताना मी पाहिला नाही."

"म्हणजे?"

"मी मान वर केली तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता. हातात बाटली नव्हती." मग एकदम हळू आवाजात, "मुली, तू घराबाहेर पड."

"सर, आई आत आहेत."

फोन कानाला तसाच. समोर खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आत काळोख. सासूबाई बोलत होत्या. लहानपणीचं काहीतरी सांगत होत्या. मधेच थांबायच्या. मग 'हो ना', 'बरोबर बोललास' म्हणायच्या.

त्याचा आवाज येत नव्हता.

बाहेर पळावं तर म्हातारी आत. आत जावं तर... पाय उचलेना. हाक मारावी, तर कोणाला? माझी मेहुणी रात्रभर त्या पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून बसली. स्वतःच्याच घरात. सरांनी फोन चालूच ठेवायला सांगितला होता. ते पलीकडे, ही अलीकडे.

पहाटे खोलीतून हाक आली. "अगं, एवढ्या लवकर जाऊ का दिलंस त्याला?"

ती उठली. दिवा लावला. खोलीत सासूबाई एकट्याच. खिडकीचे गज जागच्या जागी. बाहेरच्या दाराला आतून कडी तशीच.

"रात्रभर पाय चेपत बसला गं," म्हातारी म्हणाली. "किती वर्षांनी बसला माझ्यापाशी."

तिकडे सरांनी उजाडायच्या आधीच होडीवाल्याला उठवलं होतं. दोघांनी जाऊन टाकीच्या खोलीची कडी काढली. डॉक्टर भिंतीला टेकून बसला होता, ओठ फुटलेले, बाटली छातीशी धरलेली. होडीत चढायला त्याने हात पुढे केला, तर होडीवाला स्वतःचा खांदा धरून मागे सरकला. सरांनी हात दिला.

दुपारी घरी पोचला. धावत आईच्या खोलीत गेला, तिचा हात हातात घेतला. म्हातारीने त्याची बोटं चाचपली. एकेक बोट. मग आपला हात काढून घेतला.

"हा कोण?" तिने सुनेला विचारलं.

"आई, मी आहे. मी!"

"तो कधी येणार?"

त्याने आईला तासभर समजावलं. रडलासुद्धा. तिने तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. त्या दिवसापासून याचं बोलणं आटलं ते आजतागायत. म्हातारी पुढे दोन वर्षं जगली, पण मुलाला हात लावू दिला नाही तिने.

त्याच दिवशी संध्याकाळी मला मेहुणीचा फोन आला होता. "भाऊजी, ताबडतोब या. एक दाखवायचंय." मी गेलो. म्हातारी झोपली होती. मेहुणीने तिच्या पायांवरचं पांघरूण वर सरकवलं.

दोन्ही घोट्यांवर बोटांचे ठसे होते. निळसर, राखाडी. चेपताना बोटं बसतात तसे. मेहुणी म्हणाली, "सकाळपासून तीनदा पुसले, भाऊजी. साबण लावून."

मी वाकलो. एका ठशाला बोट टेकवलं.

रंग बोटाला लागला... ओला होता.